तामलवाडीचे रिकामे रकाने

गुलाबराव ओव्हाळ निवृत्त झाले तेव्हा पाच जणांनी भाषणं केली आणि पाचही जणांनी एकच टेप लावली: साहेबांनी संगणक आणला, विभाग उभा केला, शिस्त लावली. छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस त्यांनी अर्ध्या तासात गुंडाळून शालीत बांधला. मी मागच्या रांगेत बसून चडफडत होतो. साहेबांची खरी गोष्ट त्या सभागृहात फक्त मलाच ठाऊक होती आणि मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी उठलो असतो की नाही, कोण जाणे. म्हणून आता लिहितो आहे.

मी रामलिंग. तुळजापूर तालुक्यात माळावर कोरडवाहू शेतीची एक संशोधन प्रयोगशाळा होती, तिथं मी टंकलेखक होतो. जमिनीत ओल किती राहते, कोणत्या पावसावर ज्वारी तगते, तूर कधी पेरावी, असल्या गोष्टी तिथं तपासत. त्यासाठी जिल्ह्यातल्या चौदा गावांत पाऊस मोजायची भांडी बसवलेली. रोज सकाळी साडेआठला गावातल्या नेमलेल्या माणसानं भांड्यातलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. तीन महिन्यांनी वही एसटीनं आमच्याकडे यायची, मी तिचा तक्ता टाईप करायचा आणि वही परत जायची. तक्ते गुलाबरावांच्या टेबलावर.

गुलाबराव बहात्तर साली बी.एस्सी. होऊन गणक म्हणून लागले. वय बावीस. आम्ही दोघंही मुरुमचे. फरक एवढाच की मुरुमच्या बाजारात आमची अडत होती आणि त्यांचे वडील बाबू ओव्हाळ आमच्याच दुकानात पोती वाहायचे. ‘एवढाच’ असं मी लिहून गेलो खरा. तो फरक केवढा होता ते वाहणाऱ्याला विचारावं, दुकानदाराच्या पोराला नव्हे.

त्या वेळी आमचा संगणक म्हणजे फॅसिटचं लोखंडी यंत्र. आकडे लावायचे, दांडा फिरवायचा, की खडखड करत बेरीज पुढं येते. गुलाबराव सकाळी दहाला दांडा धरायचे ते पाचला सोडायचे. मी शेजारच्या खोलीत टाईप करायचो. दोघांची खडखड मिळून असा गोंधळ, की शिपाई म्हणायचा, तुमच्यापेक्षा गिरणी बरी. बहात्तरचा दुष्काळ होता. बाहेर रस्त्याच्या कामावर माणसं खडी फोडत होती आणि आत आम्ही न पडलेल्या पावसाच्या सरासऱ्या काढत होतो. मला तर लाजच वाटायची. गुलाबराव म्हणायचे, “अण्णा, आज लिहून ठेवलं नाही तर पुढच्या वेळी हे सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल.”

मला ते पहिल्या दिवसापासून अण्णा म्हणत. आमच्या दुकानात त्यांच्या वडिलांना कधी कुणी ‘अहो’ म्हटलं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

सत्त्याहत्तरला त्यांना पुण्याला संगणकाच्या शिक्षणासाठी पाठवलं. परत आले ते पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांची भाषा शिकून. इथं पत्त्यांवर आकडे चढवायचे, पेटी घेऊन पुण्याला जायचं, तिथल्या संगणकात घालायची आणि उत्तरं छापून आणायची. ऑफिसात त्यांचं नाव पडलं ‘पत्तेवाले’. “ओव्हाळ पत्ते कुटायला पुण्याला गेले,” असं आम्ही मोठ्यानं म्हणायचो, त्यांना ऐकू जाईल असं. एकदा अश्विनात नवरात्राची गर्दी, सोलापूरहून तुळजापूरला येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही. हा माणूस दोन हजार पत्त्यांची पेटी डोक्यावर धरून उभ्यानं आला. पेटीत देवीचा प्रसाद असेल म्हणून एका बाईनं तिला हात लावून नमस्कार केला. त्यांनी करू दिला. पेटी पडली असती तरी फार बिघडलं नसतं, कारण प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीनं क्रमांक घातला होता. विभाग चालवणं म्हणजे काय, ते मला त्या पेन्सिलीच्या क्रमांकांवरून कळलं.

अठ्ठ्याहत्तरला गणन विभाग झाला, ते त्याचे प्रभारी झाले आणि मी त्यांच्या हाताखाली आलो. खोटं कशाला बोलू, मला झोंबलं. आठ दिवस मी त्यांना कोणत्याच नावानं हाक मारली नाही. ‘ओव्हाळ’ म्हणावं तर ते वरिष्ठ, ‘साहेब’ म्हणावं तर जीभ वळेना. नवव्या दिवशी माझ्याकडून एका तक्त्यात दोन महिने उलटसुलट झाले. मी ऐकून घ्यायच्या तयारीनं उभा राहिलो. त्यांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, “हे कसं झालं, अण्णा?” कुणी केलं, असं नाही विचारलं. पुढं मी त्यांच्याजवळ पंचवीस वर्षं काढली, ‘कुणी केलं’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. त्या दिवशी मी त्यांना साहेब म्हणालो.

मग शहाऐंशी साल उजाडलं आणि प्रयोगशाळेत स्वतःचा संगणक आला. त्याच्यासाठी थंड हवेची खोली केली. सगळ्या इमारतीत तेवढीच थंड, त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्यांनाच संगणकाबद्दल फार जिज्ञासा वाटू लागली. दाराबाहेर चपलांची ही रांग, जसं आत कीर्तन चाललंय. संचालकांनी हळद-कुंकू वाहून नारळ फोडायला घेतला तेव्हा गुलाबराव हळूच म्हणाले, “साहेब, नारळ उंबऱ्याबाहेर फोडू. याला पाणी चालत नाही, हा उपाशीच बरा.”

संगणकाबरोबर विभागप्रमुखाचं कायमचं पद मंजूर झालं होतं. गुलाबरावांशिवाय दुसरं नाव नव्हतं. फक्त एक तपासणी समिती यायची होती. चौदा केंद्रांची तोवरची सगळी माहिती संगणकात भरायची, समितीनं ती पाहायची, मग नेमणूक. आम्ही तीन महिने राबलो. मी टाईपरायटर सोडून त्या दिव्याच्या पडद्यासमोर बसलो आणि माझेच जुने तक्ते रकाना-रकाना आत भरले.

समिती सोमवारी बसणार होती. शनिवारी दुपारी संगणकानं पहिला गोषवारा छापला. तेरा केंद्रं ठीक. तामलवाडीपुढं लिहिलं होतं: शंभरातल्या पंच्याऐंशी दिवसांची नोंद उपलब्ध नाही.

संचालकांनी कागद पाहिला आणि विषय मिटवला. “तामलवाडीची ती बाई मनाला येईल तेव्हा पाऊस मोजत होती, दुसरं काय? केंद्र वगळा. बाईला कमी करा. वगळल्याच्या यादीवर सही करून सोमवारी द्या, म्हणजे समितीपुढं काही डाग नको.” आणि हसून म्हणाले, “तुमच्या दृष्टीनंही तेच बरं, ओव्हाळ.”

गुलाबरावांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, केंद्र जाण्याचं दुःख असेल. बहात्तरच्या जूनमध्ये पहिलं भांडं तामलवाडीला बसलं होतं, बाकीची तेरा नंतर. दुष्काळाच्या वर्षाची जिल्ह्यातली आमच्याकडची एकमेव नोंद म्हणजे तामलवाडी. मी म्हणालो, “जाऊ द्या, साहेब. एका केंद्रानं काय होतंय?”

“अण्णा,” ते म्हणाले, “उद्या माझ्याबरोबर तामलवाडीला येता? तक्ते घेऊन.”

एसटीत त्यांनी सांगितलं ते असं. बहात्तरला भांडं बसवायला ते एकटेच गेले होते. नोकरीचा तिसरा आठवडा. भांडं गावच्या सहकारी सोसायटीच्या अंगणात बसवायचं ठरलं आणि ते मोजायला सोसायटीचं गोदाम झाडणाऱ्या पुतळाबाईंना नेमलं. विधवा बाई, चौथी शिकलेल्या. चेअरमन आबाराव खुर्चीवर बसलेले, भोवती आठ-दहा माणसं. गुलाबरावांना कुणी बस म्हणालं नाही. नाव विचारलं, आडनाव विचारलं, मग तर नाहीच म्हणालं. उभ्यानंच त्यांनी सगळं शिकवलं. शेवटी पुतळाबाईंनी विचारलं, पाऊस पडला नाही त्या दिवशी काय लिहू? ते म्हणाले, शून्य.

त्यावर आबाराव खवळले. दिवा विझवला असं आपण म्हणत नाही, शांत केला म्हणतो. घरातलं पीठ संपलं असं बाई म्हणत नाही, वाढलं म्हणते. आणि दुष्काळात सोसायटीच्या दारात बसून रोज सकाळी एक विधवा बाई आभाळाला शून्य लिहिणार? आणि ते सांगणार कोण, तर हा? सगळे गुलाबरावांकडे बघू लागले.

“मी बावीसचा होतो, अण्णा. त्या अंगणातून लवकर बाहेर पडावं एवढंच मनात होतं. म्हणालो, मग रिकामं सोडा. मी समजून घेईन.”

आणि ते समजून घेत राहिले. फॅसिटवर तामलवाडीचा रिकामा रकाना आला की शून्य धरायचे. पत्त्यांवर चढवतानाही स्वतःच शून्य घालायचे. इतर गावांत रिकामं म्हणजे मोजलंच नाही. तामलवाडीत रिकामं म्हणजे मोजलं, पण पाऊस नव्हता. हे आमच्या ऑफिसात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि त्यानं ते कुठंही लिहून ठेवलं नव्हतं. ज्यानं पुठ्ठ्याच्या पत्त्यांनासुद्धा क्रमांक घातले, त्या माणसानं! संगणकात आकडे भरले मी. मला काय माहीत? मी रिकाम्याला रिकामं ठेवलं.

तामलवाडीत पुतळाबाई सोसायटीच्या अंगणातच होत्या. केस पिकलेले, पण ताठ. भांड्याभोवतीची जागा अशी सारवलेली की जेवायला बसावं. गुलाबरावांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की आक्का, वरच्या कागदात असं आलंय, तुम्ही मोजलंच नाही.

बाई उसळल्या. “मंजी? चौदा वर्सं म्या झोपले व्हते व्हय? पोराच्या लगनात हळदीच्या अंगानं येऊन भांडं बघून गेले म्या. तुमीच म्हणला व्हतात न्हवं, रिकामं सोडा म्हणून?”

“मीच म्हणालो होतो.”

“मग?”

“मग चूक माझी आहे, आक्का. पण एक सांगा. एखाद्या दिवशी खरंच आला नसाल, आजारी असाल, गावाला गेला असाल, तेव्हा काय लिहीत होता?”

“तवा रेघ मारत व्हते. आडवी. म्या गेलेच न्हाय तर रिकामं कसं सोडू? ते खोटं व्हतंय की.” आणि त्या आत जाऊन सोसायटीच्या कपाटातल्या मूळ वह्या घेऊन आल्या.

मी वह्या उघडल्या. बाई खरं सांगत होत्या. रिकामा, रिकामा, रिकामा, सतरा मिलिमीटर, रिकामा, आणि मध्येच एखाद्या दिवशी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ. या रेघा मी पाहिल्या होत्या. चौदा वर्षं पाहिल्या होत्या. बाई रेघोट्या मारते, असं म्हणून मी त्या कधीच टाईप केल्या नव्हत्या. टाईपरायटरवर आडवी रेघ ओढायची म्हणजे एकच बटण साठ वेळा दाबावं लागतं. कोण दाबणार?

त्या रेघा तक्त्यावर असत्या तर गुलाबरावांना कधीतरी विचारावंसं वाटलं असतं की ही रेघ कसली, आणि सगळा उलगडा तेव्हाच झाला असता.

गुलाबरावांनी एका गुडघ्यावर वही ठेवली, दुसऱ्यावर माझा तक्ता. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मग वर बघून म्हणाले, “अण्णा, तुम्ही मोजा रेघा, मी लिहितो.” मी मोजल्या. चौदा वर्षांत एकेचाळीस. पाच हजार दिवसांत ती बाई एकेचाळीस दिवस चुकली होती. आमच्या प्रयोगशाळेत एवढी हजेरी कुणाचीच नव्हती, माझी तर नाहीच.

सोमवारी सकाळी आठला त्यांनी मला दोन पानं टाईप करायला दिली. तामलवाडीच्या नोंदी पूर्ण आहेत. रिकामा रकाना म्हणजे शून्य. मूळ वहीत रेघ असलेले एकेचाळीस दिवस तेवढे नोंद नसलेले समजावेत. ही पद्धत मी स्वतः तोंडी घालून दिली आणि चौदा वर्षांत कुठंही लिहून ठेवली नाही. हा दोष सर्वस्वी माझा असून त्यात निरीक्षक पुतळाबाई यांची काही चूक नाही. आबारावांचं नाव नव्हतं. उभं ठेवल्याचं नव्हतं. रेघा तक्त्यात का नाहीत, याबद्दलही एक अक्षर नव्हतं. दुसऱ्या पानावर मजकूर संपल्यावर सहीच्या वर चार बोटं कोरी जागा होती.

मी मनाशी म्हणालो, सुटलो. त्यांच्या लक्षातच आलं नाही. आणि पान काढून त्यांना दिलं.

संचालक लालबुंद झाले. “एका खेड्यातल्या बाईसाठी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय तुम्ही.” गुलाबराव म्हणाले, “पाऊस तिनं मोजला आहे, साहेब.” समितीनं तामलवाडी केंद्र राखलं, दुष्काळी वर्षाची नोंद मोलाची आहे असा शेराही मारला. खाली दुसरा शेरा होता: प्रभारी अधिकारी महत्त्वाच्या पद्धती तोंडी ठेवतात, विभागप्रमुखपदासाठी तूर्त शिफारस करता येत नाही. पुण्याहून एक गृहस्थ प्रमुख म्हणून आले. गुलाबराव त्यांच्या हाताखाली तीन वर्षं त्याच खुर्चीत बसले, तोंड वाकडं न करता. गृहस्थांना इथलं ऊन सोसेना, ते एकोणनव्वदला गेले, तेव्हा कुठं पद यांच्याकडे आलं. पुढं एकमेकांना जोडलेले संगणक आले, इंटरनेट आलं, हाताखाली सोळा माणसं आली. दारावर मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली पाटी शेवटपर्यंत होती: शून्य असेल तर शून्य लिहा. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा. रिकामं सोडू नका.

पुतळाबाईंनी तरी शून्य लिहायला साफ नकार दिला. “माझ्या हातानं न्हाय लिवणार, सायेब.” शेवटी गुलाबरावांनी सोलापूरहून शून्याचा रबरी शिक्का करून आणला. बाईंना तो पसंत पडला. “शिक्का मंजी सरकारचा. पाप लागलं तर सरकारला,” म्हणाल्या, आणि पुढं आठ वर्षं रोज सकाळी ठप्पकन मारत राहिल्या.

माझ्या मनातली ती सोमवारची सकाळ मात्र गेली नाही. ते पद माझ्यामुळेही गेलं होतं. तीन वर्षं रोज मी त्यांना दुसऱ्याच्या हाताखाली बसलेलं पाहिलं आणि रोज ठरवलं, उद्या सांगू. ते प्रमुख झाले तेव्हा वाटलं, आता काय सांगायचं. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या निरोपाला ते बोलले की अण्णांच्या टंकलेखनात चूक काढायला जागा नसायची.

परवा भाषणं संपल्यावर ते हार-बीर काढून प्रयोगशाळेच्या अंगणात, तिथं पुढं बसवलेल्या पावसाच्या भांड्याजवळच्या कट्ट्यावर येऊन बसले. मी शेजारी बसलो. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

“साहेब, पुतळाबाईंच्या रेघा मीच गाळल्या होत्या.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “त्याच रविवारी कळलं. वही आणि तक्ता दोन्ही माझ्या मांडीवरच होते ना.”

“मग अहवालात लिहिलं का नाही?”

त्यांनी वाकून भांड्यात पडलेलं एक वाळकं पान काढलं. मग म्हणाले, “टाईप तुम्हीच करणार होता, अण्णा. सहीच्या वर जागा सोडली होती. म्हटलं, तुम्ही लिहाल.”

राग नव्हता त्या आवाजात. असता तर बरं झालं असतं. जन्मभर दुसऱ्यांना ‘रिकामं सोडू नका’ सांगणाऱ्या माणसानं एकच जागा रिकामी सोडली होती, ती माझ्यासाठी, आणि मी त्या पानाकडे बघून ‘सुटलो’ म्हणालो होतो. मला रडू आलं. बासष्ट वर्षांचा बाप्या, लोक बघत होते, तरी आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, चला, चहा गार होतोय.

तर ती जागा आज भरतो. तामलवाडी केंद्र, सन १९७२ ते १९८६. एकेचाळीस दिवसांची नोंद नाही, हे पुतळाबाईंनी रेघ मारून वेळच्या वेळी कळवलं होतं. त्या रेघा मी टाईप केल्या नाहीत. रामलिंग, टंकलेखक.